‘७ टक्क्यांपर्यंत’ म्हणजे नक्की किती? बचत खातं, स्वीप आणि छोट्या मुदतीच्या ठेवींचा हिशेब

बँकेच्या फलकावर ‘बचत खात्यावर ७ टक्क्यांपर्यंत व्याज’ असं दिसलं, की आधी ‘पर्यंत’ हा शब्द वाचावा. सगळी मेख तिथं आहे.

समजा, बँकेचे टप्पे असे आहेत : १ लाखापर्यंत ३ टक्के, १ ते ५ लाखांपर्यंत ५ टक्के आणि ५ लाखांच्या वर ७ टक्के. तुमच्या खात्यात वर्षभर ३ लाख रुपये पडून आहेत. बहुतेक बँका हे टप्पे आयकराच्या टप्प्यांसारखे लावतात. म्हणजे पहिल्या १ लाखावर ३,००० रुपये आणि उरलेल्या २ लाखांवर १०,००० रुपये, एकूण १३,००० रुपये. सरासरी काढली तर ४.३३ टक्के. फलकावरचे ७ टक्के तुमच्या एकाही रुपयाला लागले नाहीत. काही थोड्या बँका वरच्या टप्प्याचा दर पूर्ण शिलकीला देतात, म्हणून काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच : हा दर सगळ्या शिलकीवर, की फक्त वरच्या रकमेवर?

हे इतकं वेगवेगळं का, तर ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बचत खात्याचा दर ठरवणं बँकांवर सोडलं. अट एवढीच, की १ लाखापर्यंतच्या शिलकीला त्या बँकेत सगळ्यांना एकच दर हवा. त्यापुढे प्रत्येकीची मर्जी. मोठ्या बँकांकडे खातेदार आपणहून येतात, पगार तिथंच जमा होतो, त्यामुळे त्यांना जास्त व्याज देण्याची गरज पडत नाही. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून टप्प्याटप्प्यानं ५.२५ वर आला. त्याच वर्षी जूनमध्ये स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिन्ही बँकांचा बचत खात्याचा दर २.५ टक्के झाला. स्मॉल फायनान्स बँकांना मात्र ठेवी ओढून आणाव्या लागतात, म्हणून त्यांचे फलक मोठे. (या लेखातले दर आणि करमर्यादा २०२५ अखेरच्या आहेत. दर बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.)

बचत खात्याचं व्याज रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीवर मोजलं जातं आणि बहुधा तिमाहीला जमा होतं. ५०,००० रुपये ३० दिवस राहिले, तर २.५ टक्क्यांनी १०३ रुपये मिळतात. एका किमान शिलकीच्या दंडात एवढे जातात. त्यामुळे जास्त व्याजाच्या मोहानं नवं खातं उघडताना त्या खात्याला सरासरी किमान शिल्लक किती लागते, हे व्याजदराच्या आधी पाहावं.

आता मुळाचा प्रश्न. पैसे कधी लागणार? शाळेची फी जूनमध्ये भरायची आहे, विम्याचा हप्ता मार्चमध्ये, गणपतीचा खर्च भाद्रपदात आणि दवाखान्याचा केव्हाही. या चार गरजांचे पैसे एकाच खात्यात एकत्र पडलेले असतात आणि सगळ्यांना सगळ्यात कमी दर मिळतो. ‘केव्हाही’ लागणारे पैसे वेगळे काढले, की बाकीच्यांना तारीख असते. तारीख असलेल्या पैशांना मुदत ठेव लावता येते. ती अगदी ७ दिवसांचीही मिळते.

तारीख नसलेल्या पैशांसाठी बँकांनी स्वीपची सोय काढली आहे. कुठं तिला ऑटो स्वीप म्हणतात, कुठं फ्लेक्सी, स्टेट बँकेत मॉड. खात्यात ठरावीक रकमेपेक्षा जास्त जमलं, की वरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जातात आणि खर्चाला कमी पडले, की ठेवीचा तेवढाच तुकडा मोडून खात्यात येतो. २५,००० ची मर्यादा ठेवली आहे आणि १ लाख रुपये स्वीपमध्ये गेले आहेत असं धरा. ४०,००० चा चेक वटायला आला, तर २५,००० खात्यातले आणि १५,००० ठेवीतले जातात. उरलेले ८५,००० ठेवीच्या दरानं तसेच वाढत राहतात. मॉडमध्ये हा तुकडा १,००० च्या पटीत मोडतो.

इथं दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही. पहिली, ठेव ७ दिवसांच्या आत मोडली तर व्याज शून्य. त्या दिवसांचं बचत खात्याचं व्याजही नाही. आणि २०-२५ दिवसांत मोडली, तर बँक त्या छोट्या मुदतीचा दर लावते, काही बँका त्यातून दंडही कापतात. ३ टक्क्यांतून अर्धा टक्का गेला, की राहिले २.५. म्हणजे बचत खात्याएवढेच. पगार १ तारखेला येतो आणि १५ तारखेपर्यंत संपतो, अशा घराला स्वीपचा काही फायदा नाही, पासबुकात नोंदींची रांग तेवढी वाढते. ज्यांच्या खात्यात तीन-चार महिने काही रक्कम हलत नाही, त्यांच्यासाठी ही सोय आहे.

दुसरी गोष्ट, तुकडा कोणत्या ठेवीचा मोडायचा. सर्वात नवी ठेव आधी मोडण्याची पद्धत बहुधा खातेदाराच्या सोयीची. जुन्या ठेवीनं नऊ महिने काढलेले असतात, तिला मोडून नऊ महिन्यांचं नुकसान कशाला? जुनी आधी मोडायची पद्धत तुमच्या खात्याला लागली असेल, तर अर्ज देऊन बदलता येते का ते शाखेत विचारा.

एफडी मोडण्याची भीती हा आपल्याकडचा खास प्रकार. ‘मध्येच पैसे लागले तर?’ म्हणून वर्षानुवर्षं लाखभर रुपये बचत खात्यात ठेवणारी माणसं पुष्कळ. म्हणून मोडण्याचा हिशेब एकदा कागदावर करूनच पाहू. १ लाखाची एक वर्षाची एफडी, दर ६.५ टक्के. १०० दिवसांनी मोडावी लागली. बँक ६.५ टक्के देत नाही. ठेव ठेवली त्या दिवशी १०० दिवसांच्या मुदतीला जो दर होता तो घेते, समजा ५ टक्के, आणि त्यातून दंड वजा करते, समजा अर्धा टक्का. राहिले ४.५ टक्के. १०० दिवसांचे झाले १,२३३ रुपये. हेच पैसे २.५ टक्क्यांच्या बचत खात्यात असते, तर ६८५ रुपये मिळाले असते. मोडलेली एफडीसुद्धा बचत खात्याच्या पुढे आहे. पहिले काही आठवडे सोडले, तर मोठ्या बँकांत चित्र साधारण असंच दिसतं.

मोडू देणं हा तुमचा हक्कही आहे. वैयक्तिक ठेवीदाराची १ कोटीपर्यंतची मुदत ठेव मुदतीआधी मोडण्याची सोय बँकेला द्यावीच लागते. न मोडता येणारी ठेव त्यावरच्या रकमेलाच देता येते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ही सीमा १५ लाख होती. (पाच वर्षांची करबचत ठेव वेगळी, ती अडकलेलीच.) दंड मात्र प्रत्येक बँकेचा निराळा. साध्या एफडीचा अर्धा भाग मोडायला बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, अख्खी पावती मोडावी लागते. यावरचा उपाय जुनाच आहे. ३ लाखांची एक पावती करण्यापेक्षा ५० हजारांच्या सहा करा. दर तोच मिळतो आणि ४० हजारांची गरज पडली, तर पाच पावत्यांना धक्का लागत नाही.

मुदत संपत आली असताना मोडण्यापेक्षा त्याच पावतीवर कर्ज काढणं स्वस्त पडतं. वरचीच एफडी घ्या. वर्षअखेर तिचे तिमाही चक्रवाढीनं ६,६६० रुपये व्हायचे आहेत. ३०० दिवस झाले आणि महिनाभरासाठी ८०,००० हवे आहेत. पावतीवर साधारण ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त असतं. ७.५ टक्क्यांनी ३० दिवसांचे ४९३ रुपये द्यायचे, म्हणजे हाती निव्वळ ६,१६७. त्याऐवजी मोडली आणि दंड जाऊन ५.७५ टक्के पडले, तर व्याज ४,८०० च्या आसपास. उरलेले पैसे पुढचे दोन महिने बचत खात्यात फिरून आणखी तीनेकशे देतील. फरक हजारभर रुपयांचा आहे आणि तो एका अर्जाचा आहे. सुरुवातीच्या दिवसांत उलट : तेव्हा मोडा आणि मोकळे व्हा.

दरांच्या भाषेतली एक चलाखी इथंच सांगायला हवी. ७ टक्के दराची ठेव तिमाही चक्रवाढीनं एका वर्षात ७.१९ टक्के देते, हे खरं. पण हीच ठेव पाच वर्षांची असेल, तर पत्रकात ‘वार्षिक उत्पन्न ८.३० टक्के’ असं छापलेलं सापडेल. पाच वर्षांचं सगळं व्याज, ४१.४८ टक्के, पाचानं भागलं की हा आकडा येतो. चक्रवाढीचा फायदा आधीच त्यात धरलेला आहे. दोन ठेवींची तुलना करताना उत्पन्नाचा रकाना झाकून फक्त व्याजदराचा रकाना बघावा. आणि सहा महिन्यांच्या आतल्या ठेवींना बहुधा सरळव्याजच मिळतं, तिथं चक्रवाढीची चर्चाच नको.

४०० दिवस, ४४४ दिवस, ५५५ दिवस अशा तिरक्या मुदतींच्या खास योजनाही असतात. दर खरोखर थोडा जास्त असतो, त्या घ्यायला हरकत नाही. गडबड होते ती नूतनीकरणाच्या वेळी. योजना तोवर बंद झालेली असते, पावती आपोआप पुढच्या ४४४ दिवसांसाठी वळते आणि तिला त्या दिवशीचा साधा दर लागतो. दोन वर्षांनी पासबुक भरताना कळतं.

पोस्टाचं काय? पोस्टाचं बचत खातं ४ टक्के देतं, मोठ्या बँकांपेक्षा दीड टक्का जास्त, आणि ५०० रुपयांत उघडतं. पण व्याज मोजण्याची रीत जुनी आहे. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक होती, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. ९ तारखेला पैसे भरले तर पूर्ण महिना धरला जातो, ११ तारखेला भरले तर त्या महिन्याचं काही नाही. काढायचे असतील तर ३० ऐवजी पुढच्या महिन्याच्या १ ते ९ तारखेत काढा. एवढी एक सवय लावली, तरी पोस्टाचे ४ टक्के खरे ४ टक्के होतात.

पोस्टाच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीला २०२५ मध्ये ६.९ टक्के होते, १०,००० वर वर्षाला ७०८ रुपये. हा दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण एकदा ठेवलेल्या ठेवीचा दर बदलत नाही. मात्र पहिले सहा महिने ही ठेव मोडताच येत नाही आणि सहा महिन्यांनंतर, वर्षाच्या आत मोडली तर बचत खात्याचा दर मिळतो. दवाखान्यासाठी राखलेले पैसे इथं नकोत. जूनच्या फीचे, आदल्या मे महिन्यात बाजूला काढलेले, चालतील.

बँक आणि पोस्ट सोडून दोन पर्याय अनेकांच्या कानावर असतात. पहिला लिक्विड फंड. हा म्युच्युअल फंडाचा प्रकार ९१ दिवसांपर्यंतच्या कर्जरोख्यांत पैसे घालतो. पहिल्या सहा दिवसांत काढले तर नाममात्र कपात होते (पहिल्याच दिवशी काढले तर लाखाला ७ रुपये), सातव्या दिवसापासून काही नाही. पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात. काही योजनांत ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम लगेच मिळते. हमी नसते, ठेव विमा नसतो. नावात ‘अल्ट्रा शॉर्ट’ आहे म्हणून लिक्विडसारखंच असेल, असं मात्र समजू नका. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटन या म्युच्युअल फंड कंपनीनं ज्या सहा कर्जरोखे योजना बंद केल्या, त्यांत एक अल्ट्रा शॉर्टही होती आणि लोकांचे पैसे टप्प्याटप्प्यानं परत मिळाले.

दुसरा पर्याय, ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे छोट्या मुदतीचे कर्जरोखे. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या पोर्टलवर साध्या माणसालाही १०,००० रुपयांपासून घेता येतात. बिल कमी किमतीत मिळतं आणि मुदतीला पूर्ण १०० रुपये येतात. ९१ दिवसांचं बिल ९८.६६ ला पडलं, तर वार्षिक हिशेबानं ५.४५ टक्के सुटले. सुरक्षितता सर्वात जास्त, पण मध्येच विकायला गिऱ्हाईक मिळणं कठीण. मुदतीपर्यंत थांबायची तयारी असेल तरच घ्यावं.

आता पतसंस्था. गावात, पेठेत पतसंस्थेचा माणूस ओळखीचा असतो, पिग्मी एजंट रोज दुकानात येतो आणि दरही बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली सहकार खात्याकडे नोंदलेली असते. बहुराज्य संस्थेचा कायदा २००२ चा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा नसतो. नागरी सहकारी बँकेला तो असतो. ‘सहकारी’ हा एक शब्द दोन्हीकडे असल्यानं फार घोटाळा होतो. लाखावर २ टक्के जास्त म्हणजे वर्षाला २,००० रुपये, त्यासाठी पणाला लागतो अख्खा लाख. तरीही ठेवायचेच असतील, तर वार्षिक सभेचा अहवाल मागून घ्या. लेखापरीक्षणाचा वर्ग ‘अ’ आहे का आणि थकीत कर्जं गेल्या तीन वर्षांत वाढत चालली आहेत का, ही दोन पानं आधी बघायची. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजावं.

डीआयसीजीसीचा विमा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा आहे. एका माणसाचे एका बँकेतल्या सगळ्या शाखांतले पैसे, बचत, चालू, एफडी सगळं मिळून, आणि मुद्दल अधिक व्याज. म्हणून ५ लाखांची पावती केली, तर व्याजाचा भाग विम्याबाहेर जातो. साडेसहा टक्क्यांच्या वर्षाच्या ठेवीला ४ लाख ६० हजारांवर थांबलेलं बरं. पती-पत्नीचं संयुक्त खातं वेगळं धरलं जातं, त्यामुळे एका घरात, एकाच बँकेत तीन मर्यादा होऊ शकतात : तुमची, त्यांची आणि दोघांची.

विमा आहे म्हणजे पैसे उद्या मिळतील, असं मात्र नाही. २०२१ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आधी काढणं पूर्ण बंद होतं, मग २५,००० पर्यंत मुभा मिळाली. त्या ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. ९० दिवस म्हणजे तीन महिन्यांचा किराणा, हप्ते आणि फी. म्हणून घरखर्चाचे आणि दवाखान्याचे पैसे दोन बँकांत विभागून ठेवावेत, त्यांतली एक मोठी असावी.

कराबद्दल लोकांचे दोन गैरसमज ठरलेले. एक, टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला. दोन, कापला नाही म्हणजे कर नाही. एफडीचं व्याज तुमच्या उत्पन्नात मिळतं आणि तुमच्या टप्प्यानं कर लागतो. टीडीएस ही फक्त आगाऊ कपात. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर गेलं (ज्येष्ठांसाठी १ लाख) तर १० टक्के कपात होते, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. स्वीपमधलं व्याजही एफडीचंच धरतात. बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नाही, पण ते विवरणपत्रात दाखवावं लागतंच. १०,००० पर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत.

करच बसणार नसेल, तर टीडीएस कापू नका असा अर्ज एप्रिलमध्येच बँकेत भरून द्यावा (२०२५-२६ मध्ये तो १५जी, ज्येष्ठांसाठी १५एच). इथं एक काटा आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो, पण साठीच्या आतल्या माणसाला १५जी साठी तेवढं पुरत नाही. त्याचं वर्षाचं एकूण व्याजही मूळ सूट मर्यादेच्या, म्हणजे २०२५-२६ साठी ४ लाखांच्या, आत असावं लागतं. १५एच ला ही दुसरी अट नाही. परदेशातल्या मराठी मंडळींचं गणित निराळं : एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांची परदेशी कमाईची, मुदत ठेव किमान एक वर्षाचीच असते आणि वर्षाच्या आत मोडली तर काहीच व्याज मिळत नाही, त्यामुळे तीन-सहा महिन्यांचे पैसे तिथं घालू नयेत.

पावती हातात आली, की घडी घालून कपाटात टाकण्याआधी तीन रकाने वाचायचे. ‘मुदतीनंतरच्या सूचना’ या ओळीत आपोआप नूतनीकरण आहे, की पैसे खात्यात जमा होणार? काहीच सूचना नसेल आणि तुम्ही विसरलात, तर मुदतीनंतरच्या दिवसांना बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर, यांतला जो कमी तो मिळतो. ‘नामनिर्देशन’ म्हणजे नॉमिनीचं नाव छापलेलं आहे का? १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. आणि संयुक्त पावतीवर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ असं असलं, तरी एक जण गेल्यावर दुसऱ्याला मुदतीआधी ती मोडता येईलच असं नाही. तशी लेखी मुभा दोघांच्या सह्यांनिशी आधीच दिलेली नसेल, तर बँक गेलेल्याच्या कायदेशीर वारसांची संमती मागते. पैशांची निकड नेमकी त्याच आठवड्यात असते. ही मुभा ठेव ठेवतानाच किंवा नंतर केव्हाही देता येते, त्यासाठी शाखेत अर्ज मिळतो.